दोल्नी व्येस्तोनित्से: ३०० वस्तीचं गाव आणि त्याची ३० हजार वर्षं

आधी नाव नीट म्हणून घेऊ. दोल्नी व्येस्तोनित्से. जीभ अडखळते खरी, पण मराठी माणसाला हे नाव हिंदीवाल्यापेक्षा बरं जमतं, कारण शेवटचा 'त्से' आहे ना तो आपल्या 'चाक' आणि 'चोर' मधला च आहे, 'चार' आणि 'चिंच' मधला नाही. चेक भाषेत हा च पावलोपावली भेटतो. 'दोल्नी' म्हणजे खालचं. शेजारीच 'होर्नी व्येस्तोनित्से' आहे, म्हणजे वरचं. आपल्याकडे खुर्द-बुद्रुक असतं तसलाच प्रकार.

मी तिथे अजून गेले नाहीये. एकदा नकाशात उगाच भटकत असताना तळ्याच्या मधोमध एक चर्च दिसलं, आजूबाजूला गाव नाही, रस्ता नाही, नुसतं पाणी, आणि हे काय आहे म्हणून शोधायला लागले ते मग या गावात येऊन अडकले. चर्चचं नंतर सांगते.

तर गाव कुठे आहे? चेक प्रजासत्ताकाचा पूर्वेकडचा भाग म्हणजे मोराविया, त्यातला दक्षिणेचा कोपरा. ब्रनो शहर उत्तरेला चाळीसेक किलोमीटर, ऑस्ट्रियाची हद्द दहा-बारा किलोमीटरवर. वस्ती ३०० च्या आसपास. आपल्याकडे एवढ्याला गाव नाही, वाडी म्हणतील. पण जगात कुठेही अश्मयुगावरचं पुस्तक उघडा, हे नाव त्यात असणारच. आता ३०० माणसांच्या वाडीला हा मान का, हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी डोक्यात ठेवायच्या: डोंगर, धूळ आणि नदी. माणसं नंतर.

डोंगर

गावाच्या पाठीशी पालावा नावाची टेकड्यांची रांग आहे. त्यातली सगळ्यात उंच टेकडी द्येविन, साधारण ५५० मीटर. सह्याद्री बघितलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण आजूबाजूला सगळं सपाट असल्यामुळे ती पांढरट कड्यांची रांग लांबून एकदम उठून दिसते. आणि हे कडे मूळचे तिथले नाहीतच! ही चुनखडी जुरासिक काळातल्या उथळ समुद्रात तयार झाली, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी. पुढे आल्प्स आणि कार्पेथियन पर्वत वर येताना जमिनीचे थर एकमेकांवर ढकलले गेले, त्या रेटारेटीत चुनखडीचे मोठमोठे तुकडे मुळापासून तुटले आणि इथे आले. भोवतालची मऊ माती पाण्या-वाऱ्याने झिजत गेली, टणक चुनखडी तशीच राहिली. म्हणजे डोंगर वर आला त्यापेक्षा भोवतालचं खाली गेलं असं म्हणणं जास्त बरोबर.

उन्हाकडच्या उतारांवर माती पातळ, पाणी टिकत नाही, त्यामुळे तिथे जंगलाऐवजी गवताळ, खुरटी झाडी आहे. हा चेक देशातला सगळ्यात उबदार आणि कोरड्या पट्ट्यांपैकी एक. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा आपल्या दुष्काळी तालुक्यातल्यासारखाच वाटेल, पण तिथे थंडीमुळे बाष्पीभवन कमी, म्हणून तेवढ्यात भागतं. १९७६ साली हा भाग संरक्षित झाला आणि १९८६ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

डोंगराच्या टोकाशी एक पडका किल्ला आहे, द्येविच्की. चेकमध्ये 'द्येवा' म्हणजे तरुण मुलगी, कुमारी. मला आधी वाटलं की झालं, आपली 'देवी' पोचली तिथे! पण नाही, शब्दांची मुळं वेगळी आहेत. त्या 'द्येवा'चं नातं लावायचंच झालं तर 'देवी'शी नाही, 'धेनू'शी लागतं, दूध पाजण्याच्या अर्थाच्या जुन्या धातूवरून. सारखं दिसलं की एकच असं समजायचं नाही, एवढं शिकले. किल्ला सतराव्या शतकात, युरोपातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'च्या शेवटी स्वीडिश सैन्याने जाळला तेव्हापासून पडकाच आहे.

धूळ

आता खरी हिरोईन. धूळ!

भूगोलाच्या पुस्तकात आपण 'लोएस' हा शब्द वाचलेला असतो, वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे थर, एक मार्कासाठी पाठ केलेला आणि विसरून गेलेला. तोच इथे कामाला येतो. हिमयुगात उत्तर युरोपवर बर्फाची जाड चादर होती, दक्षिणेला आल्प्सवर वेगळी चादर, आणि मधला हा पट्टा बर्फाशिवायचा पण भयंकर थंड आणि कोरडा, झाडं फारशी नाहीत. बर्फाने दगड दळून पीठ केलेलं, नद्यांनी ते पीठ आणून पसरलेलं, त्याला धरून ठेवायला झाडझाडोरा नाही, मग वारा सुटला की सगळीकडे धुरळाच धुरळा. वारा बहुतेक पश्चिमेकडून यायचा आणि पालावाच्या डोंगराला अडला की पलीकडे आडोशाला धूळ खाली बसायची. वर्षाला बसणारी धूळ नगण्यच, पण हजारो वर्षं बसत राहिल्यावर तिचे अनेक मीटर जाड थर झाले.

गावात एक जुनी वीटभट्टीची खाण आहे, तिथे विटांसाठी माती काढता काढता एक उभी भिंत उघडी पडली. पिवळट थर, मग गडद तपकिरी, परत पिवळट. पिवळा म्हणजे थंड काळ, नुसती धूळ. गडद म्हणजे मधेच हवा उबदार झाली, गवत-झाडं आली, त्यांची कुजून माती झाली. असे एकावर एक थर, लाखभर वर्षांहून जास्त काळाचे. चेक लोक तिला 'युगांचं कॅलेंडर' म्हणतात. बोट ठेवून वाचता येईल असा हवामानाचा हिशोब, आणि तो उघडा कुणी केला तर विटा पाडणाऱ्यांनी.

लोएसचा आणखी एक गुण म्हणजे त्यात चुना असतो. आम्लयुक्त मातीत हाडं काही शतकांत विरघळून जातात, चुना असलेल्या मातीत ती टिकतात. शिवाय धूळ हळूच बसते, पुरासारखी वस्तू उचलून इकडची तिकडे फेकत नाही. चुलीची राख चुलीपाशी, हाड हाडापाशी, माणूस जिथे पुरला तिथेच. इथलं अश्मयुग इतकं शाबूत मिळण्यामागे हे आहे. तशी माणसं युरोपात इतर ठिकाणीही राहत होतीच, पण तिथे त्यांच्यावर असं पांघरूण कुणी घातलं नाही.

मग माणसं आली

साधारण ३० हजार वर्षांपूर्वी या उतारावर माणसांच्या वस्त्या होत्या. आपल्यासारखीच माणसं बरं का, शरीराने आणि डोक्यानेही. जागा त्यांनी विचार करून निवडलेली दिसते. उत्तरेला कार्पेथियन आणि सुदेतन डोंगरांच्या मधे एक खिंड आहे, तिला मोरावियाचं द्वार म्हणतात, आणि तिथून दक्षिणेला डॅन्यूबकडे जाणारा नैसर्गिक रस्ता या खोऱ्यातूनच जातो. मॅमथ, घोडे, रेनडियर सगळी जनावरं याच वाटेने जाणार. माणूस डोंगराच्या उतारावर बसला की खाली नदीचं अख्खं खोरं त्याच्या नजरेत. हत्यारांचा चांगला गारगोटीचा दगड इथे मिळत नाही, तो ते लोक उत्तरेकडून दूरवरून आणायचे, म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालू होती.

१९२४ पासून इथे पद्धतशीर खोदकाम सुरू केलं ते पुरातत्त्वज्ञ कारेल अब्सोलोन यांनी. आणि १३ जुलै १९२५ ला एका चुलीच्या राखेत मातीची एक बाई सापडली, दोन तुकड्यांत. जोडल्यावर उंची ११ सेंटीमीटरच्या जरा वर, मुठीत मावेल एवढी. भरदार शरीर, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन तिरप्या चिरा, डोक्यावर चार बारीक भोकं. त्या भोकांत पिसं किंवा फुलं खोवत असतील असं काहीजण म्हणतात. तिला व्येस्तोनित्सेची व्हीनस म्हणतात. नाव अर्थात आपण आजच्यांनी दिलेलं.

पण तिचं मोठेपण रूपात नाही, ती भाजलेली आहे यात आहे. थोडं थांबून विचार करा. मातीची भांडी जगात सगळ्यात आधी मिळतात ती चीनमध्ये, साधारण २० हजार वर्षांपूर्वीची. आणि इथे त्याच्याही जवळपास १० हजार वर्षं आधी लोक माती मळून, आकार देऊन, ५०० ते ८०० अंश सेल्सिअसवर भाजत होते. भांडं एकही नाही! मडकं करायचं सुचलं नाही असं नाही म्हणता येणार, फिरत्या लोकांना मडकं म्हणजे लोढणं, पडलं की फुटलं. त्यांनी केलं काय, तर अस्वल, सिंह, मॅमथ, गेंडा, आणि बायका. आपण शाळेत शिकतो की गरज ही शोधाची जननी वगैरे, इथे गरज कुठे दिसतेय? आधी खेळ किंवा पूजा, स्वयंपाक १० हजार वर्षांनी.

आणि यात एक गंमत आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते. इथे भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे मिळालेत, पण अख्ख्या मूर्ती जवळपास नाहीतच. १९८९ साली काही संशोधकांनी हे तुकडे तपासले, तडे कसे गेलेत ते बघितलं, आणि म्हणाले की या मूर्ती नंतर पडून फुटलेल्या नाहीत, आगीतच फुटल्यात. ओली माती एकदम तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि वस्तू फटकन फुटते, कुंभार म्हणूनच आधी नीट वाळवतात. आता इथली माती म्हणजे लोएस, ती खरं तर अशी सहज फुटणारी नाही. मग इतक्या फुटल्या कशा? त्यांचा अंदाज असा की मुद्दाम ओल्या मूर्ती आगीत टाकत असावेत, फुटण्यासाठीच. आवाज, ठिणग्या, सगळे गोल करून बसलेले. सिद्ध झालेलं नाही हे, पण मूर्ती करायची ती जपायला नाही तर घालवायलाच, ही कल्पना आपल्याला तरी अवघड जाऊ नये, दरवर्षी भाद्रपदात आपण दुसरं काय करतो.

२००४ मध्ये व्हीनसचं स्कॅनिंग केलं तेव्हा तिच्या पाठीच्या बाजूला एका बोटाचा ठसा दिसला. लहान मुलाच्या बोटाचा, वय ७ ते १५ च्या दरम्यान. त्या मुलाने ती घडवली असेल असं नाही, माती ओली असताना कुणीतरी पोराने हात लावला असेल, आणि कुणीतरी ओरडलंही असेल.

मधे एक प्रश्न साहजिक येतो, ३० हजार वर्षं हा आकडा येतो कुठून. चुलीत कोळसा असतो, कोळसा म्हणजे एकेकाळचं झाड. जिवंत झाड हवेतून थोडा किरणोत्सारी कार्बन घेत असतं, मेलं की घेणं थांबतं आणि असलेला हळूहळू कमी होत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा असं करत इथल्या कोळशात मूळच्या अडीच-तीन टक्के कार्बन उरलाय. तेवढा मोजता येतो. अजून १५-२० हजार वर्षं जुना असता तर मोजण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

शेजारच्या पाव्लोव गावातही असंच सगळं सापडलं. तिथे भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवर विणलेल्या कापडाचे ठसे आहेत, म्हणजे ओल्या मातीला कापड किंवा जाळं चिकटलं, ते सडून गेलं, ठसा राहिला. कापूस नाही, चरखा नाही, तरी वनस्पतींचे धागे वळून विणकाम होत होतं. तिथल्याच एका दगडावर वनस्पतींच्या पिष्टाचे कण मिळालेत, काहीतरी दळत होते. मॅमथ मारून कच्चं खाणारे रानटी हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं ना, ते सोडून द्या.

आणि कबरी. १९४९ मध्ये पुरातत्त्वज्ञ बोहुस्लाव क्लिमा यांना चाळिशीच्या आसपासच्या एका बाईचा सांगाडा मिळाला, अंगावर गेरू, आणि वरून मॅमथच्या खांद्याची दोन रुंद हाडं झाकण म्हणून ठेवलेली. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू दुखापतीने वाकडी झालेली होती. आता याच वस्तीत आधी एक हस्तिदंती छोटं मुंडकं मिळालेलं, त्याचाही चेहरा एका बाजूला ओघळलेला. ही तीच बाई का? काही अभ्यासक हो म्हणतात. मला विचाराल तर पुरावा तुटपुंजा आहे, पण मोह फार होतो.

१९८६ मध्ये एकाच खड्ड्यात तीन तरुण मिळाले. मधल्याची हाडं आजाराने वाकलेली, डावीकडच्याचे हात मधल्याच्या ओटीपोटाकडे, उजवीकडचा पालथा. मधली व्यक्ती बाई आहे असं धरून मग काय काय गोष्टी रचल्या गेल्या, बाळंतपणात गेली असेल, दोघे नवरा आणि वैदू असतील, प्रेमाचा त्रिकोण असेल. २०१६ मध्ये डीएनए तपासला तर तिघेही पुरुष. तीस वर्षांच्या सगळ्या गोष्टी एका झटक्यात केराच्या टोपलीत.

डीएनएने आणखी एक सांगितलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या लोकांच्या गटाला शास्त्रज्ञांनी गावाचंच नाव दिलंय, व्येस्तोनित्से गट. नंतर हिमयुग सगळ्यात कडक झालं, आणि त्यानंतरच्या युरोपीय माणसांत या गटाचा वारसा जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे आजचे गावकरी जाऊ द्या, कुणीच त्यांचे थेट वंशज म्हणवून घेऊ शकत नाही. गेले ते गेलेच.

मधली वर्षं, पटापट

पुढच्या हजारो वर्षांत शेतकरी आले, धातूवाले आले, ते सगळं सांगत बसले तर लेख संपायचा नाही. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राट डॅन्यूबपलीकडच्या मार्कोमान्नी आणि क्वादी टोळ्यांशी लढत होता, तेव्हा रोमन सैन्य पार इथपर्यंत आलं होतं. गावापासून जवळच मुशोव इथे टेकडीवर त्यांची छावणी होती, दहाव्या लीजनचे (म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीचे) शिक्के मारलेल्या विटा तिथे मिळाल्यात. १८० मध्ये सम्राट वारला, पोराने तह केला, सैन्य परत. १९८८ मध्ये तिथेच एका जर्मानिक सरदाराची श्रीमंत कबर मिळाली आणि तिच्यात रोमन बनावटीच्या वस्तू भरपूर, त्यात एक काशाची कढई, तिच्या कड्यांना केसांची बाजूला गाठ मारलेली दाढीवाल्यांची डोकी. एकीकडे लढाई आणि दुसरीकडे भेटी, म्हणजे राजकारण तेव्हाही असंच.

मग स्लाव लोक आले, नवव्या शतकात मोठ्या मोरावियाचं राज्य झालं, त्या काळाची दफनभूमीही गावात आहे. मध्ययुगात हा सगळा टापू मिकुलोवच्या जहागिरीत, आधी लिश्टेनश्टाइन घराणं (हो, ज्यांच्या नावाचा आज चिमुकला देश आहे तेच), मग दीत्रिखश्टाइन. याच काळात जर्मन भाषिक शेतकरी आणि द्राक्षवाले मोठ्या संख्येने वसले, आणि गाव उंटरविस्टरनित्स झालं. काही शतकं हे गाव मुख्यतः जर्मन बोलत होतं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच गळ्याशी येणार आहे.

१९३८ ते १९४६

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं आणि चेकोस्लोव्हाकिया झाला. सीमेलगतच्या जर्मन भाषिकांना ऑस्ट्रियात जायचं होतं, चेक सैन्याने तो भाग ताब्यात घेतला. २० वर्षं तशीच गेली. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक करार झाला, चेकोस्लोव्हाकियाला न विचारता त्याच्या कडेकडेचे जर्मन भाषिक पट्टे हिटलरला देऊन टाकले, त्यात हे गाव गेलं. झोपून उठल्यावर देश बदललेला.

नाझींना अश्मयुगातही रस होता, 'आमचे पूर्वज' शोधायचे होते ना. एसएस या नाझी संघटनेच्या अहनेनेर्बे या संस्थेने आसिएन बोमर्स नावाच्या डच पुरातत्त्वज्ञाला इथे खोदायला बसवलं. सापडलेल्या वस्तू, आणि त्या आधीच्या उत्खननांतला मोठा साठाही, मिकुलोवच्या किल्ल्यात नेऊन ठेवला. एप्रिल १९४५ मध्ये रशियन सैन्य जवळ आलेलं असताना किल्ल्याला आग लागली आणि जवळजवळ सगळं जळालं. त्यात फक्त व्येस्तोनित्सेच्या वस्तू नव्हत्या, मोरावियातल्याच प्शेद्मोस्ती इथल्या सांगाड्यांचा जगप्रसिद्ध संग्रहही होता. ज्यांना धुळीने हजारो वर्षं सांभाळलं ते माणसाच्या ताब्यात काही दशकंही टिकले नाहीत. व्हीनस त्या आगीच्या तडाख्यात आली नाही, ती आज ब्रनोच्या मोरावियन म्युझियमची आहे.

युद्ध संपलं आणि उलटं चक्र फिरलं. चेकोस्लोव्हाकियातून जवळपास ३० लाख जर्मन भाषिकांना घालवून देण्यात आलं, १९४५ मध्ये आधी बेबंद मारहाण करून आणि मग १९४६ मध्ये गाड्या भरून. मे १९४५ च्या शेवटी ब्रनोमधल्या हजारो जर्मनांना, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, ऑस्ट्रियाच्या सीमेकडे पायी हाकलण्यात आलं, ती वाट पोहोर्झेलित्सेवरून म्हणजे या गावाच्या शेजारच्याच भागातून गेली, आणि वाटेत, छावणीत कित्येक मेले. यावर चेक लोकांत आजही दोन तट आहेत. सहा वर्षांची नाझी राजवट, लिदित्से गावातले पुरुष मारून अख्खं गाव जाळून टाकलेलं, हे ज्यांनी भोगलं त्यांचा राग समजतो. पण तो राग निघाला तो कुणावर, हेही बघायला पाहिजे. ब्रनो महापालिकेने २०१५ मध्ये त्या पायपिटीबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त केला, ७० वर्षांनी.

दोल्नी व्येस्तोनित्सेतली जर्मन घरंही रिकामी झाली. द्राक्षाच्या बागा तशाच, तळघरात पिंपं तशीच, माणसं बदलली. चेक भाषिक मोरावियाच्या गावांतून, स्लोव्हाकियातून वगैरे नवीन कुटुंबं आली. म्हणजे आज इथल्या आजोबांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं तर बहुतेकदा दुसऱ्याच गावाचं नाव येणार. आपल्याकडे 'मूळ गाव' हा कसा ठाम, पिढ्यान्पिढ्यांचा विषय असतो, आडनावात सुद्धा गाव चिकटलेलं. इथे ३० हजार वर्षांचा इतिहास असलेल्या गावात माणसं मात्र ८० वर्षांची.

नदी, आणि ते चर्च

आता तिसरी गोष्ट. गावाच्या उत्तरेला दिये नदी वाहते, ऑस्ट्रियात तिला थाया म्हणतात. ती पुढे मोरावा नदीला मिळते, मोरावा डॅन्यूबला. सपाटीवर आल्यामुळे ही नदी संथ, वळणं घेत, दर वसंतात बर्फ वितळलं की पसरणारी. तिच्या काठाला पुरात बुडणारी ओली जंगलं होती, पक्षी, मासे आणि डास, तिन्ही मुबलक.

१९७० आणि ८० च्या दशकांत कम्युनिस्ट सरकारने पूर अडवायला आणि शेतीला पाणी द्यायला इथे एकापाठोपाठ तीन धरणं बांधली, नोव्हे म्लीनी. तिन्ही मिळून ३० चौरस किलोमीटरहून जास्त पाणी. जंगलं तोडली, वळणं बुडली. मधल्या आणि खालच्या जलाशयामधला बांध याच गावापाशी येऊन टेकतो, त्यावरून पलीकडच्या स्त्राखोतिनला रस्ता जातो. बुडलं ते मुशोव, हो, तेच रोमन छावणीवालं. १९४५ नंतर जर्मन गेले, नवीन लोक आले, त्यांनी घरं आपली केली, आणि तीसेक वर्षांत त्यांनाही सांगितलं की उठा. घरं पाडली. उंचवट्यावरचं सेंट लिओनार्डचं चर्च तेवढं ठेवलं, भोवती पाणी भरलं, ते बेट झालं. नकाशात मला दिसलेलं तेच.

धरणाचं पुढे काय झालं हे आपल्याला सांगायला नको इतकं ओळखीचं आहे. सिंचनासाठी म्हणून जेवढं सांगितलं तेवढं पाणी शेतीने वापरलंच नाही, पर्यावरणवाले म्हणाले जंगल परत द्या, मच्छीमार आणि होडीवाले म्हणाले पाणी राहू द्या. १९९० च्या दशकात मधल्या जलाशयाची पातळी उतरवली, बेटं वर आली, त्यावर पक्ष्यांनी वस्ती केली, मग पातळी परत वाढवायची की नाही यावर वाद. गंमत म्हणजे लोक या पाण्याला कौतुकाने 'दक्षिण मोरावियाचा समुद्र' म्हणतात, देशाला समुद्र नाही ना.

आणि वाइन

वाइन न सांगता मोरावियावर लिहिलं तर तिकडचे लोक माफ करणार नाहीत. चुनखडी, कोरडी हवा, उन्हाचा उतार, सगळं द्राक्षाला हवं तसंच. डोंगराच्या नावाची 'पालावा' ही एक द्राक्षाची जातच आहे, त्रामीन आणि म्युलर-थुर्गाउ यांचा संकर, योसेफ वेवेर्का यांनी १९५३ पासून काम करून तयार केलेली, १९७७ मध्ये नोंदलेली. (वेवेर्का म्हणजे चेकमध्ये खार. आडनावं सगळीकडेच मजेशीर.) शरद ऋतूत अर्धवट आंबलेला गढूळ गोड रस मिळतो, बुर्चाक, तो सरबतासारखा लागतो म्हणून पाहुणे पेल्यावर पेले ढोसतात आणि मग उठता येत नाही.

पण मला यात जोडायचंय ते वेगळंच. वाइनची तळघरं खोदतात कशात? लोएसमध्येच. ही माती कुदळीने सहज कापली जाते आणि तरी उभ्या भिंतीसारखी टिकते, आत उन्हाळा-हिवाळा गारवा सारखाच. मग द्राक्षासाठी खोल नांगरट केली, तळघर वाढवायला घेतलं, रस्ता खणला, की मधेच मॅमथचं हाड वर येतं आणि काम थांबवून पुरातत्त्ववाल्यांना फोन करावा लागतो.

पाव्लोवमध्ये २०१६ साली आर्केओपार्क नावाचं संग्रहालय उघडलं, उत्खननाच्या जागेवरच, बरंचसं जमिनीखाली, वर नुसते काँक्रीटचे पांढरे सुळके. तिथे मॅमथच्या सुळ्याची एक कोरीव वस्तू दाखवतात, १९६२ मध्ये सापडलेली. तिच्यावर रेषा आहेत, काही नागमोडी, काही तिरप्या, काही एकावर एक. काही अभ्यासक तिला नकाशा म्हणतात, नागमोडी रेघा म्हणजे नदी, तिरप्या म्हणजे डोंगराचा उतार, मधे एक गोलसर खूण म्हणजे वस्ती. बाकीचे म्हणतात नक्षी आहे, उगाच काहीही बघू नका. मी फोटो बराच वेळ झूम करून बघितला, शेजारी आजचा नकाशा उघडून. डोंगर जुळतो असं वाटलं. नदीची वळणं काही जुळवता आली नाहीत, तिथे आता सगळं निळं आहे.